सुटलेलं वल्हं

आमच्या गावाचं नाव होडी.
लिहायचं लोड्झ, म्हणायचं वूच, अर्थ होडी.
नदी मात्र कुठं दिसत नाही.
अठरा होत्या म्हणे.
गिरण्यांनी त्यांत रंगाचं पाणी सोडून सोडून
शेवटी त्यांना नळांत कोंबलं, वरून ट्राम घातली.

तिथं बोग्ना रुचाय आली, एकाहत्तर साली.
बगलेत गुंडाळी, बोटांना वाळलेला डिंक.
मी झेनॉन, जुळारी. खिळ्यांच्या पेटीपाशी वाढलेला.
कानामात्रेचा फरक करायचा नाही, हा आमचा शिरस्ता.
आणि ही म्हणते,
गावाच्या पहिल्या अक्षरावरची ती तिरकी रेघ काढा.

"रेघ काढली की अक्षर मरतं, बाई."
"मरत नाही. वल्हं सुटतं."

नाशपातीच्या लाकडाचं अक्षर,
माझ्या उस्तादानं युद्धात कोळशाखाली लपवून वाचवलेलं.
तिनं बारीक करवत घेतली.
मी तोंड फिरवलं.
भुसा पडल्याचा आवाज होत नाही, पण मला ऐकू आला.

नाटकाच्या त्या पोस्टरवर
वर एक अक्षर, अधू;
तळाशी, पार कोपऱ्यात, रेघ;
मधे दोन हात कोरा कागद.
सेन्सॉरच्या माणसानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"या मोकळ्या जागेचा अर्थ काय?"
"तुमच्या शिक्क्यासाठी ठेवलीय."
त्यानं शिक्का मारला, बरोब्बर मधोमध.
तिनं शिक्क्यासकट तीनशे प्रती छापून घेतल्या.

मग सहा वर्षं तिला नाटक नाही, पुस्तक नाही.
मुरांब्याच्या बरण्यांची लेबलं. काड्यापेट्या.
नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर
"पळू नका" अशी पाटी;
अक्षरं अशी पुढं झुकलेली
की पोरं ती वाचून जास्तच पळायची.
एकाचा दात पडला. पाटी उतरवली.
त्या पोराची आई मात्र
पाटी मागायला छापखान्यात आली,
का, ते तिलाही सांगता येईना.

पुढं तिला शिकवायला बोलावलं.
विद्यार्थ्यांना म्हणायची, आधी चहाचं बिल छापा,
सुवाच्य.
मग मोडा.
पोरांनी पहिलं वाक्य सोडून दिलं.
गावभर अक्षरं लंगडू लागली:
न्हाव्याची पाटी, लग्नाची पत्रिका,
दातांच्या डॉक्टरचा बोर्ड, ज्याला मी तरी तोंड उघडलं नसतं.

सरकार बदललं. मग एका बँकेनं
सुटलेली रेघ उचलली, सोनेरी केली,
चौकात तीन मजले उंच लावली.
मी रागानं तिला फोन केला.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"झेनॉन, अंतर चुकलंय त्यांचं.
रेघ फार जवळ आणलीय.
एवढ्या जवळची रेघ कुणालाही सापडते."

शेवटच्या वर्षी तिला दिसत नव्हतं फारसं.
औषधाच्या बाटल्या ती बोटानं चाचपायची,
लेबल वाकडं चिकटवलं असेल तर
उकलून नीट लावायची.
हो, नीट. सरळ. काठाला समांतर.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता संग्रहालय झालंय, जुन्या सूतगिरणीत.
काचेखाली ते लाकडी अक्षर, दिवा वरून.
खाली लिहिलंय: रेघ उपलब्ध नाही.
जपानहून आलेली एक मुलगी
त्या चार शब्दांचाच फोटो काढत होती,
मला कळलं, हिला समजलंय.

उपलब्ध आहे.
माझ्या स्वयंपाकघराची खिडकी
ऑक्टोबरात वाऱ्यानं आपटते,
तिथं फटीत अडकवलीय.
बरोब्बर बसते.
रात्री कधी ट्राम थांबल्यावर
रस्त्याखालून काहीतरी वाहिल्यासारखं वाटतं,
आणि लाकूड किंचित फुगतं.